निराळी शाळा हा उपाय नव्हे

संपादक महाशय यांस,


द्विशिक्षकी शाळेत, जेथे एकेका गुरुजींकडे दोन-तीन इयत्ता असतात, तेथे अध्ययनात मागे पडणाऱ्या मुलांना निराळ्या संस्थेत धाडणेच इष्ट, असे जे प्रतिपादन गतांकातील पत्रात झाले आहे, त्यातील अडचणींचे वर्णन यथार्थ असले तरी त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. ६० मुलांपर्यंत दोनच शिक्षक, हे प्रमाण २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानेच ठरविले. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाच्या २१ प्रकारांत अध्ययन-अक्षमतेचीही गणना केली. परंतु तिचा दाखला मिळविण्यास रोजगार बुडवून जिल्ह्याच्या गावी खेटे घालावे लागणाऱ्या बापास ही तरतूद कागदावरच राहते. आणि ज्यांस तालुक्याचे गावही दूर, त्यांची मुले आपण कोणत्या निराळ्या संस्थेत धाडणार?

बालशिक्षणाचे कार्य करणाऱ्या ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या परिसरात, आदिवासी मुले शाळेत येत नाहीत असे पाहून, शाळाच अंगणात आणि गुरांमागे कुरणात नेली; त्यांच्यापाशी काही भरलेली तिजोरी नव्हती. अक्षरे उलटसुलट लिहिणाऱ्या मुलाची परीक्षा तोंडी घेणे, ज्यास कमी ऐकू येते त्यास पुढे बसविणे, यास कोणती मंजुरी लागते? लागते ती सवड. आणि ती मात्र सर्वेक्षणे व माहितीचे तक्ते यांत आपण खुशाल खर्ची घालतो. दाखल्यांची शिबिरे तालुक्यास भरवावीत आणि शाळेस मिळणारे अनुदान जूनपूर्वी तिच्या खात्यावर जमा व्हावे, एवढी तजवीज प्रथम व्हावी.

आपला,
एक निवृत्त केंद्रप्रमुख