दारूबंदीच्या जिल्ह्यात उपचाराची वानवा

गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी जारी आहे. शेजारच्या चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. परंतु या सबंध कालावधीत जो वाद झडला तो बंदी असावी की नसावी एवढ्यापुरताच, आणि ज्याच्या अंगात दारू मुरली आहे त्याने ती सोडावयाचे मनावर घेतले तर त्याने जावे कोठे, हा प्रश्न बहुधा अस्पर्शितच राहिला.

मी बंदीच्या बाजूचा आहे. रानात दडवलेला, दारूसाठी आंबवलेला मोहाचा सडवा हुडकून तो मातीत ओतणाऱ्या स्त्रियांनी सरकारी हुकूम गावाच्या वेशीपर्यंत आणला, हे त्यांचे ऋण मोठे आहे. तथापि बंदीने पुरवठा आटतो, जडलेली व्याधी हटत नाही. वर्षानुवर्षे नित्य पिणाऱ्याने दारू एकाएकी सोडली की काही तासांतच त्याचे हात असे कापू लागतात की चहाची कपबशीदेखील धरवत नाही. मग घाम, निद्रानाश, एखाद्याला झटके, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम, आणि औषध न मिळाल्यास क्वचित प्राणावरही बेतते. भेदरलेली घरची माणसे अखेर त्याला पुन्हा घोटभर पाजतात. त्यांना दोष कोणत्या तोंडाने द्यावा?

केंद्र सरकारने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी पाहणीत दारूच्या आहारी गेलेल्या अडतीस जणांमागे जेमतेम एकाला काही उपचार लाभल्याचे दिसले. हे साऱ्या देशाचे झाले. पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोलीतील ज्या भामरागडचा रस्ता तुटतो, तेथील रोग्याची अवस्था काय वर्णावी! शासन, टाटा ट्रस्ट आणि डॉ. अभय बंग यांची ‘सर्च’ संस्था यांनी २०१६ मध्ये आरंभलेल्या ‘मुक्तिपथ’ या उपक्रमाने तालुक्याच्या ठिकाणी आणि गावातल्या शिबिरात हा उपचार होऊ शकतो, हे दाखवून दिले आहे. पण जे काम एका उपक्रमाच्या उमेदीवर चालते, ते सरकारी आरोग्यसेवेचे नित्यकर्म व्हावयास हवे. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्यास व्यसनोपचाराचे शिक्षण, औषधांचा अखंड साठा आणि अशा रोग्यासाठी राखीव दोन खाटा, एवढी तजवीज अशक्य नाही. उर्वरित महाराष्ट्रातील दारूच्या अबकारीतून शासनाच्या तिजोरीत जो महसूल जमा होतो, त्यातील निश्चित हिस्सा येत्या अर्थसंकल्पात स्वतंत्र शीर्षाखाली याच कामासाठी मंजूर व्हावा, आणि त्याचा आरंभ भामरागड, एटापल्ली, सिरोंचा या दूरच्या तालुक्यांपासून व्हावा.