लग्न एका दिवसाचे, हप्ते साठ महिन्यांचे

पूर्वी 'आमचे येथे श्रीकृपेकरून' अशी पत्रिका यायची. खाली कोपऱ्यात चिमुकल्यांचे 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं!' असे. तेवढे वाचून धार-देवासची मंडळी मुहूर्ताला हजर होत.

आता मोबाइलवर आधी 'सेव्ह द डेट' येते, मग मांडूच्या जहाज महालापुढे काढलेला सिनेमा. त्यात नवरा धावतो, नवरीची ओढणी उडते आणि कार्यालयाचा पत्ता आम्ही शेवटपर्यंत शोधत राहतो. शिवाय हळदीला पिवळे, मेंदीला हिरवे कपडे घालण्याची आज्ञा!

हसून झाले की बँकेतल्या सवयीने आम्ही हिशेब मांडतो. दहा लाखांचे वैयक्तिक कर्ज 12 टक्के दराने 5 वर्षांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे 22,245 रुपये आणि एकूण व्याज सुमारे 3 लाख 35 हजार. अल्बम कपाटात गेल्यावरही मुलीचे वडील हप्ता भरतच असतात.

नोव्हेंबर 2025 मध्ये मुख्यमंत्री मोहन यादव यांनी शेजारच्या उज्जैनला मुलाचे लग्न सामूहिक विवाह सोहळ्यात लावले. त्यात राजकारण असेलही. पण 'लोक काय म्हणतील' या धाकात असलेल्या बापाला आता दाखवायला एक उदाहरण मिळाले. ऐपत असलेल्यांनी साधे लग्न केले, की ऐपत नसलेल्यांची मान खाली जात नाही. आपल्या समाजातल्या सुस्थितीतल्या घरांनी हे मनावर घ्यावे.

आम्हाला फक्त बोलवा. अक्षता टाकायला येऊ. कपड्यांचा रंग मात्र आमचा आम्ही ठरवू.