मांजर घरातच, मग पिसवा आल्या कुठून?

मांजर घराबाहेर पाऊल टाकत नाही, तरी सारखी अंग खाजवते. अशा वेळी पिसवांची शंका घ्यावी. आपल्या कपड्यांवरून किंवा घरी आलेल्या दुसऱ्या प्राण्याबरोबर त्या आत शिरतात. बारीक दातांच्या फणीने केस विंचरा. निघालेले काळे कण ओल्या कापसावर ठेवा. तांबूस डाग पडला, तर ती पिसवांची विष्ठाच समजा.

नुसत्या मांजरीवर औषध लावून भागत नाही. अंडी तिच्या अंगावरून गळून अंथरुणात, गालिच्यात, फरशीच्या फटींत पडतात. कोशातली पिसू तर कित्येक महिने दडून राहते. म्हणून मांजरीचे अंथरूण दर आठवड्याला गरम पाण्यात धुवा, कानेकोपरे झाडा आणि घरातल्या सर्व पाळीव प्राण्यांवर एकाच वेळी उपचार करा.

एक गोष्ट मात्र विसरू नका. कुत्र्याचे पिसवांचे औषध मांजरीला कधीही लावू नका. त्यांपैकी अनेकांत परमेथ्रिन असते. ते मांजरीच्या यकृताला पचत नाही. झटके येऊन ती दगावू शकते. चुकून लागलेच, तर साबण लावून कोमट पाण्याने धुवा आणि लगेच पशुवैद्यांकडे न्या. पिल्लांसाठी तर त्यांना विचारल्याशिवाय कोणतेच औषध आणू नका.