घट्ट तेलाचा उतारा

जनरल मोटर्स या बलाढ्य कंपनीने एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेतील आपल्या सुमारे सहा लाख गाड्या परत बोलाविल्या. २०२१ ते २०२४ या वर्षांच्या या गाड्यांतील ६.२ लिटर इंजिनांचे क्रँकशाफ्ट व कनेक्टिंग रॉड सदोष असण्याचा संभव होता. असे इंजिन धावत्या गाडीत, भर रस्त्यात निकामी होऊ शकते. कंपनीकडे तक्रारी हजारोंनी साचल्या होत्या; घोषणा झाली ती मात्र सरकारी सुरक्षा यंत्रणेने जानेवारीत चौकशी आरंभिल्यानंतर.

तपासणीत सदोष ठरलेले इंजिन कंपनीने स्वखर्चाने दुरुस्त करावे वा बदलून द्यावे, हे ठीकच. परंतु उत्तीर्ण इंजिनांचे काय? त्यांना अधिक घट्ट वंगणतेल! मूळचे पातळ तेल इंधनाच्या बचतीसाठीच योजलेले असते. तेल घट्ट झाले की घर्षण वाढते आणि पेट्रोल, किंचित का होईना, अधिक जळते. अमेरिकन कायद्यान्वये सुरक्षा-दोषाचे निवारण विनामूल्य झाले पाहिजे. त्याप्रमाणे पहिला तेलबदल फुकट होतो. त्यानंतरचे घट्ट तेल आणि वाढीव पेट्रोल यांचा खर्च मात्र गाडी असेपर्यंत ग्राहकाच्याच खिशातून जावयाचा. दोष त्याचा नव्हे. पण कंपनीच्या हिशेबवहीत हा खर्च कोठेच दिसणार नाही.