संगणकातील जागा आणि व्यापाऱ्याची वही

आजकाल कापड बाजारात कोणत्याही पेढीवर जा, लाल वहीच्या जागी संगणक बसलेला दिसेल. बिल त्यावर, जीएसटी त्यावर, ई-वे बिलही त्यावरच. आणि त्याच बाजारात एक तक्रार वारंवार ऐकू येते. संगणक भरला, जागा नाही असे सांगतो, टॅली उघडायला वेळ लागतो. मग कोणी भाचा-पुतण्या बोलावला जातो, तो दहा मिनिटांत काहीतरी पुसून टाकतो आणि जागा होते. काय पुसले, हे मालक विचारत नाही. आमचे म्हणणे या न विचारण्याबद्दल आहे.

प्रथम दुखणे समजून घेऊ. गेल्या काही वर्षांत घेतलेल्या संगणकांत जुन्या फिरत्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी असते. ती वेगवान असते. पण चार पैसे वाचवण्यासाठी आमच्यापैकी पुष्कळांनी १२८ जीबीची घेतली. त्यात प्रत्यक्षात ११९ जीबीच दिसतात. यात फसवणूक नाही. बनवणारी कंपनी एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते, तर विंडोज १०७ कोटींहून थोडे अधिक धरते. गजाने घेतलेल्या मालाची मीटरने मोजणी केली तर आकडा कमी येतोच, तसेच हे. शिवाय विंडोज ११ साठी कंपनीनेच किमान ६४ जीबीची अट घातली आहे. उरलेल्या जागेत साड्यांचे व्हिडिओ, डिझाइनचे फोटो आणि लग्नाचे अल्बम येऊन बसले की डिस्क भरायला वेळ लागत नाही.

डिस्क काठोकाठ भरली की ती मंदही होते. एसएसडीमध्ये लिहिलेल्या जागेवर थेट दुसरे लिहिता येत नाही. आधी तो पूर्ण कप्पा पुसावा लागतो आणि त्यासाठी कामाचा माल दुसरीकडे हलवावा लागतो. ज्या दुकानात गादीवर हातभर जागा रिकामी नाही, तिथे गिऱ्हाइकापुढे तागा उलगडणार कुठे? म्हणून निदान १५ ते २० टक्के जागा रिकामी ठेवावी, असे जाणकार सांगतात. जागा मोकळी करणे गरजेचे आहे, याबद्दल वाद नाही. ती कशी करायची, हा प्रश्न आहे.

आमचीच गोष्ट सांगतो. मार्च २०२४ मध्ये रमजानचा सीझन आणि वर्षअखेर एकत्र आली होती. गर्दीत संगणक अडू लागला. दुकानातल्या मुलाला आम्ही म्हटले, ‘बेटा, जरा साफ करून टाक.’ त्याने सेटिंग्जमध्ये ‘टेम्पररी फाइल्स’ उघडल्या, दिसतील त्या सर्व चौकटींवर खूण केली आणि बटण दाबले. त्या यादीत ‘डाउनलोड्स’ नावाचीही एक चौकट असते. विंडोज स्वतः त्यावर खूण करत नाही, आपण करावी लागते. व्यापाऱ्यांनी ई-मेलने आणि व्हॉट्सॲपवर पाठवलेली खरेदीची बिले आमच्याकडे त्याच फोल्डरमध्ये पडून होती. ती गेली, आणि अशी पुसलेली वस्तू रिसायकल बिनमध्येही जात नाही.

दुरुस्तीवाल्याने हात टेकले. जुन्या हार्ड डिस्कवर पुसलेली फाइल काही काळ तशीच पडून असते, म्हणून कित्येकदा परत मिळते. एसएसडीला मात्र विंडोज ‘ट्रिम’ नावाची सूचना देते, की ही जागा आता नको. आणि डिस्क सवडीने ती खरोखर रिकामी करते. मग परत मिळण्याची आशा फार थोडी.

आम्ही एकेका पार्टीला फोन करून बिलांच्या नकला मागवल्या. बहुतेकांनी पाठवल्या. काहींचा धंदाच बंद झाला होता. जीएसटी कायद्याच्या कलम १६ प्रमाणे खरेदीवरील कराची वजावट घ्यायची तर बिल आपल्या ताब्यात असावे लागते. पोर्टलवर नोंद दिसते, एवढे पुरेसे नाही. जी बिले मिळाली नाहीत, त्यांची वजावट आम्ही परत केली. चूक मुलाची नव्हती. बिले कचऱ्याशेजारी ठेवणारे आम्हीच होतो.

कायद्याची मुदतही लक्षात ठेवावी. कलम ३६ प्रमाणे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावा लागतो. २०२३-२४ च्या विवरणपत्राची तारीख ३१ डिसेंबर २०२४ होती. म्हणजे त्या वर्षाचे कागद डिसेंबर २०३० अखेरपर्यंत हवेत. अपील किंवा चौकशी चालू असेल तर आणखी पुढेही. हिशेब संगणकावर असेल तर त्याची प्रत वेगळी राखावी, अपघात झाला तरी तो वाजवी वेळेत परत उभा करता यावा, असे नियम ५७ सांगतो.

पण आम्हा मुसलमान व्यापाऱ्यांना हे कायद्यानेच शिकवावे काय? कुरआनातील सर्वांत लांब आयत, सूरह बकराची २८२ वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. रक्कम लहान असली तरी लिहिण्याचा आळस करू नये, हेही तीत आले आहे. लिहून ठेवलेले बेफिकिरीने पुसले जाऊ देणे हा त्याच आळसाचा प्रकार नव्हे काय? वहीत आपल्या एकट्याचे काही नसते. समोरच्या व्यापाऱ्याचे येणे, कारागिराची मजुरी, भागीदाराचा हिस्सा त्यात असतो. ती अमानत आहे.

काही जण म्हणतात, मोठी डिस्क घ्या, नाहीतर क्लाउडवर टाका. अवश्य घ्या, पण पसारा तसाच नेला तर मोठे गोदामही भरते. गूगलची फुकटची जागा १५ जीबी असते, आणि तीही ई-मेल व फोटो यांच्यासह. दुसरी प्रत म्हणून ती ठीक, एकमेव प्रत म्हणून नव्हे.

आमच्या मते क्रम असा असावा. सेटिंग्जमध्ये ‘सिस्टिम’ आणि त्याखाली ‘स्टोरेज’ उघडून जागा कोणी अडवली ते आधी पाहा. बहुधा दोष हिशेबाचा नसतो. साध्या दुकानाचा टॅलीचा वर्षाचा डेटा कित्येकदा मोबाईलवर काढलेल्या एका व्हिडिओहून लहान निघतो. मग सालवार फोल्डर करून बिले, विवरणपत्रे आणि टॅलीचा बॅकअप त्यात ठेवा. त्याच्या दोन प्रती बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या. एक दुकानात, एक घरी. प्रती उघडून पाहा. व्हिडिओ आणि जुने फोटोही बाहेरच्या डिस्कवर हलवा. एसएसडी ही पेढी आहे, गोदाम नव्हे. जुन्या संगणकातून काढलेली हार्ड डिस्क चांगली असेल तर खोक्यात बसवून या कामी येते.

एवढे झाल्यावरच पुसायला बसा. टेम्पररी फाइल्स काढा, पण ‘डाउनलोड्स’ची चौकट सोडून. विंडोज नुकतेच बदलले असेल तर जुन्या विंडोजची प्रत बरीच जागा अडवून असते. नवे नीट चालत असेल तर ती काढायला हरकत नाही. न लागणारे प्रोग्राम आणि मुलांचे खेळ काढा.

हे काम नोकरावर किंवा पाहुण्यावर सोपवू नका. जुन्या काळी वही जुनी झाली तरी मालकाला विचारल्याशिवाय कोणी रद्दीत देत नसे. येत्या जुम्याच्या नमाजनंतर दुकान पुन्हा उघडण्यापूर्वी अर्धा तास काढा, मुलाला शेजारी बसवा आणि त्याला काय ठेवायचे ते आधी सांगा. काय पुसायचे ते त्याला येतेच.