हौशीला पाकीट नसतं

भाषणाला मी दाराजवळच्या खुर्चीत बसतो, हे या सदराच्या वाचकांना ठाऊक आहेच. या आठवड्यात मुरुममधल्या एका कार्यक्रमात पंख्याखाली जागा मिळाली म्हणून पुढे बसलो आणि सुटकेची वाटच बंद झाली. पुण्याहून आलेले वक्ते तासभर एकच सांगत होते. पैशाच्या मागे धावू नका, आपली पॅशन ओळखा, पैसा आपोआप मागे येतो. समोर बसलेली निम्मी पोरं पहाटे रस्त्यावर पोलीस भरतीसाठी धावणारी. एकाने हात वर केला, ‘‘सर, पॅशन घावेपर्यंत खोलीचं भाडं कुणी भरायचं?’’ वक्ते म्हणाले, ‘‘आधी हा निगेटिव्ह विचार सोड.’’ पोरगं खाली बसलं. भाड्याचं तेवढं राहिलं.

मग दादासाहेब फाळके आले. अशा भाषणांत ते येतातच. विम्याची पॉलिसी गहाण टाकून 1912 साली लंडनला गेले, तंत्र शिकून आले, 3 मे 1913 रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. सगळं खरं. पण सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडले, त्यांनी चित्रपटाच्या माणसांना रांधून वाढलं, रात्री फिल्मला भोकं पाडत बसल्या, यातलं अक्षरही नाही. आणि मागे येणारा तो पैसा? 1944 मध्ये नाशिकला फाळके गेले तेव्हाही तो वाटेतच होता.

जब्बार पटेल मात्र या भाषणांत कधी येत नाहीत. आपल्या बाजूचा माणूस. पंढरपूरचा जन्म, सोलापूरला शालेय शिक्षण. दौंडला लहान मुलांचा दवाखाना चालवला. पत्नीही डॉक्टर. ‘घाशीराम कोतवाल’, ‘सामना’, ‘जैत रे जैत’ हे सगळं करताना दौंडची पोरं त्यांच्याकडून तपासून घेत होती. पण दवाखाना चालू ठेवून सिनेमा केला म्हटल्यावर टाळ्या पडत नाहीत. नोकरीवर लाथ मारली की पडतात.

हे सगळं एकवेळ सोडून दिलं असतं. माझं डोकं तापलं ते समारोपाला. वक्त्यांना शाल, श्रीफळ आणि जाडसर पाकीट. ते त्यांनी न बघता आतल्या खिशात घातलं, यावरून सवय दिसली. स्वागतगीताला पेटी वाजवली होती आमच्या मामांनी. त्यांना एक गुलाब आणि नारळ.

मामा म्हणजे गावाचे मामा. दिवसा शिलाई मशीन, रात्री पेटी. सप्ताह असो, कुणाची पुण्यतिथी असो, शाळेचं गॅदरिंग असो, मामांना निरोप जातो. जाताना स्वतःची पेटी स्वतःच्या गाडीवर, पेट्रोल स्वतःचं. भाता फाटला की सोलापूर, सूर बिघडले की सोलापूर. आणि पाकिटाचा विषय निघाला की संयोजकांचं ठरलेलं वाक्य, ‘‘मामांना कशाला? त्यांची हौस आहे ती.’’ मंडपवाल्याला कुणी असं म्हणत नाही. आचाऱ्याला म्हणून बघा, भात करपलेला मिळेल. मागे मी वरातीतल्या डीजेवर लिहिलं तेव्हा बरेच जण रागावले होते. पण त्या डीजेवाल्याचं एक मला पटतं, आगाऊ रक्कम घेतल्याशिवाय तो वायर जोडत नाही. ज्याचं कामावर प्रेम, त्याचं काम फुकट, हा हिशेब नेमका कुणी बसवला? पैसे द्यायचे नसलेल्यांनीच, असा माझा दाट संशय आहे. (या सदराच्या मानधनाबद्दल संपादकांना विचारलं की तेही माझ्या लेखनाच्या आवडीचं कौतुक करतात.)

मामांच्या घरी वर्षभर खोबऱ्याची चटणी असते. शालींनी एक ट्रंक भरली आहे. परवा मी तिथे बसलो असताना सप्ताहाची मंडळी आली. सात दिवसांच्या साथीचं विचारायला. मामा लगेच ‘हो’ म्हणणार, तेवढ्यात मामी चहा घेऊन बाहेर आल्या.

‘‘औंदा पाकिटाचं कसं काय?’’

एकजण हसला. ‘‘मामी, मामा काय पैशासाठी वाजवतेत व्हय?’’

‘‘न्हाई वाजवत. पर शिवतेत पैशासाठीच. सात रात्री जागून दिवसा मशीनवर पेंगतेत. लग्नसराईचे कपडे पडून राहतेत. त्याचं द्या.’’

त्यावर दुसऱ्याने गोरोबाकाकांचा दाखला दिला. आपल्याच जिल्ह्यातलं तेर, भजनात देहभान हरपलेले संत, चिखल तुडवताना पायाखाली गेलेलं पोर, सगळं ऐकवलं. मामी म्हणाल्या, ‘‘ते पोर कुणाचं हुतं? त्या माऊलीचं नाव सांगा की.’’ मंडळी एकमेकांकडे बघू लागली. नाव संती. मला येत होतं, पण मी सांगितलं नाही. मजा येत होती.

‘विचार करून सांगतो’ म्हणून मंडळी उठली. मामा त्यांना पोचवायला फाटकापर्यंत गेले आणि परत येऊन मामींवर तणतणले, ‘‘चारचौघांत असलं बोलतेत का?’’ मामींनी कपबशा उचलल्या.

समितीचं अजून ठरलेलं नाही म्हणे. त्यातला एकजण हे सदर वाचतो. त्याला एवढंच सांगतो, पाकिटात किती घालायचं हे मामींना विचारा. मामांना विचाराल तर ते नको म्हणतील, आणि तुम्ही लगेच ऐकाल.