किरणोत्सर्गाचे भय आणि त्याचे शास्त्र

परंपरेने संत नामदेवांच्या जन्माचा मान ज्या नरसी गावाला दिला, त्या गावाच्या हिंगोली जिल्ह्यातच, औंढा नागनाथ तालुक्यात, गुरुत्वीय लहरींचा वेध घेणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा व्हावयाची असून एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी सुमारे २६०० कोटी रुपयांच्या खर्चास मंजुरी दिली. या वेधशाळेत अणुभट्टी नाही की युरेनियम नाही. काटकोनात मांडलेल्या चार-चार किलोमीटर लांबीच्या निर्वात नळ्यांतून तेथे लेसरचा प्रकाश खेळावयाचा आहे. तथापि तिच्या उभारणीत अणुऊर्जा विभागाचा प्रमुख वाटा आहे. आणि या विभागाची जी मूळ विद्या, म्हणजे अणुविज्ञान व किरणोत्सर्गापासून संरक्षण करण्याचे शास्त्र, तिच्याकडे या मुलखातील विद्यार्थ्यांनी वळावे असे कोणी सुचविले, तर त्याला तीन आक्षेपांना उत्तर द्यावे लागते.

पहिला आक्षेप असा की, हे मुलांना जाणूनबुजून संकटात लोटणे होय. किरणोत्सर्ग घातक ठरू शकतो, हे निर्विवाद आहे. परंतु तो केवळ अणुभट्टीतच असतो, ही समजूत मात्र सर्वस्वी चुकीची आहे. माती, खडक, हवा आणि आकाशातून येणारे विश्वकिरण यांपासून मनुष्यमात्राला वर्षाकाठी सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट इतकी किरणोत्सर्गाची मात्रा मिळतच असते, आणि आपल्या देहातील पोटॅशियमचे सुमारे चार हजार अणू दर सेकंदाला विघटित होत असतात. तेव्हा विचारावयाचा प्रश्न 'आहे की नाही' हा नसून 'किती आहे' हा आहे. हे 'किती' ठरविणे हेच संरक्षणशास्त्राचे पहिले काम. या क्षेत्रातील कामगाराला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षी ३० मिलिसिव्हर्ट यांहून अधिक मात्रा मिळता कामा नये, असा आपल्याकडे दंडक आहे. त्याच्या छातीवरील टीएलडी बिल्ला त्या मात्रेचा हिशेब ठेवतो, आणि १९८३ साली स्थापन झालेले अणुऊर्जा नियामक मंडळ त्या दंडकाचा अंमल करविते.

याउलट अज्ञान काय करते, याचा दाखला २०१० साली दिल्लीच्या मायापुरी भागात मिळाला. एका विद्यापीठात अनेक वर्षे पडून राहिलेले कोबाल्ट-६० या किरणोत्सारी धातूचे उपकरण लिलावात भंगार म्हणून विकले गेले, ते फोडणाऱ्या मजुरांना आपण काय हाताळीत आहोत याची कल्पनाही नव्हती, आणि त्यांतील एकाला प्राणास मुकावे लागले. विकणाऱ्यांपासून फोडणाऱ्यांपर्यंत एकाने जरी ते उपकरण ओळखले असते, तर हा अनर्थ टळला असता. संकट विद्येने आणले नव्हते. विद्येच्या अभावाने आणले होते.

दुसरा आक्षेप असा की, हे शास्त्र संहाराचे आहे. हिरोशिमाचे स्मरण ठेवणाऱ्या कोणाही सहृदय माणसाच्या मनात हा विचार यावा, हे स्वाभाविकच आहे. परंतु कर्करोगाच्या रुग्णाला कोबाल्ट यंत्रावर किंवा लिनॅक या किरणोपचाराच्या यंत्रावर उपचार मिळतात, तेव्हा किरण गाठीवर नेमके पडावेत आणि निरोगी पेशी वाचाव्यात, याचे गणित मांडणारा वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ याच शास्त्राचा उपासक असतो. लासलगावच्या केंद्रात गॅमा किरणांनी कांद्याला कोंब येणे थांबविले जाते, आणि वाशीच्या केंद्रात मसाल्यांतील जंतू नष्ट केले जातात. यांपैकी कोणताही माल त्यामुळे किरणोत्सारी होत नाही. हिंगोलीच्या शेतकऱ्याचे मुख्य पीक जे सोयाबीन, त्याचे टीएएमएस-३८ हे वाणही तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या सहकार्याने अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने उत्परिवर्तनातून घडविले. ज्या विद्येचा लाभ आपण दवाखान्यात आणि शेतात घेतो, तिला संहाराची विद्या म्हणून मुलांपासून दूर ठेवणे न्यायाचे नव्हे.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा आहे : खेड्यातील पोराने हे शिकून करावयाचे काय? या प्रश्नामागील पालकांची चिंता खरी आहे आणि तिची उपेक्षा मी करणार नाही. पण मार्ग अस्पष्ट नाही. बी.एस्सी. आणि नंतर भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलेल्या विद्यार्थ्यासाठी भाभा केंद्रात १९६२ पासून किरणोत्सर्ग भौतिकीचा पदविका अभ्यासक्रम चालतो. किरणोपचाराच्या प्रत्येक रुग्णालयाला भौतिकतज्ज्ञ आणि किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी नेमावाच लागतो. कर्करोगाचे उपचार जिल्ह्याच्या ठिकाणांपर्यंत पोहोचावयाचे असतील, तर अशी माणसे शहरांनीच पुरवावीत, असा काही हुकूम नाही. ज्या गावचे नामदेव पंजाबापर्यंत गेले आणि ज्यांची वाणी गुरु ग्रंथसाहिबात आदराने समाविष्ट झाली, त्या गावच्या मुलाला दूरची विद्या आपल्यासाठी नाही असे सांगण्याचा अधिकार कोणाला आहे?

म्हणून माझे मागणे स्पष्ट आहे. नरसी आणि परिसरातील माध्यमिक शाळांना किरणोत्सर्ग मोजणारे एकेक गायगर गणित्र मिळावे, आणि शाळेच्या आवारातील, नदीकाठच्या खडकांवरील व घरांतील नैसर्गिक किरणोत्सर्गाची नोंद मुलांनी स्वहस्ते वर्षभर ठेवावी. लायगोच्या शास्त्रज्ञांनी या शाळांत यावे, आणि शिक्षकांनी अकरावीच्या प्रवेशाच्या वेळी या शाखेची माहिती पालकांसमोर मांडावी. ज्या मुलाने आकडे स्वतः मोजले, त्याला अफवा भिवविणार नाही आणि खरा धोकाही फसविणार नाही. आणि उद्या जिल्ह्यात एखादा प्रकल्प आला, तर त्याविषयी प्रश्न विचारण्याचा व मिळालेले उत्तर पारखण्याचा अधिकार प्रथम या मुलाकडेच असेल.